प्रत्ययांची जन्मकथा आणि पुराव्याची शिस्त

(स्मृती-व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावाला इंग्रजी शिकवले. शब्दाचा अर्थ सांगितला म्हणून ते विद्यार्थ्याला सोडत नसत. हा शब्द आला कुठून, तो केव्हापासून वापरात आहे आणि हे तुला कशावरून कळले, असे तीन प्रश्न ते ओळीने विचारीत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आम्ही ऐकीव माहितीवर देऊन टाकत असू. तिसऱ्याला अडायचो. आजचे व्याख्यान मी त्या तिसऱ्या प्रश्नाला वाहिले आहे.

विषय आहे इंग्रजीतले प्रत्यय आणि त्यांच्यापासून घडलेले काही विलक्षण शब्द. शाळेत आपण प्रत्यय यादी करून पाठ करतो. संस्कृत व्याकरणाने आपल्याला कृत् आणि तद्धित असे त्यांचे वर्गही शिकवले. त्यामुळे प्रत्यय हा भाषेच्या कारखान्यातला तयार, निर्जीव सुटा भाग आहे अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात प्रत्ययालाही जन्म असतो. बऱ्याच प्रत्ययांचे आईबाप सापडतात, काहींची जन्मतारीखसुद्धा सांगता येते. इंग्रजीत हे फार स्पष्ट दिसते, कारण त्या भाषेचा हजार-बाराशे वर्षांचा लेखी पुरावा एका पिढीने नव्हे, कित्येक पिढ्यांनी जिवापाड मेहनत करून जुळवून ठेवला आहे.

झिजलेले शब्द

‘किंगडम’, ‘फ्रीडम’, ‘विज्डम’ हे शब्द घ्या. त्यांच्या शेवटी असलेला ‘डम’ हा जुन्या इंग्रजीत ‘डोम’ असा स्वतंत्र शब्द होता. निवाडा, कायदा, अधिकार असे त्याचे अर्थ होते. राजाचा निवाडा जिथवर चालतो ते किंगडम. हाच शब्द एकीकडे झिजून प्रत्यय झाला आणि दुसरीकडे ‘डूम’ या रूपाने स्वतंत्र राहिला. अखेरच्या निवाड्याचा दिवस तो ‘डूम्सडे’. ‘करणे’ या अर्थाचा ‘डू’, हा ‘डूम’ आणि आपल्या संस्कृतातला ‘धा’ धातू हे सगळे एकाच मुळाचे.

‘चाइल्डहुड’मधला ‘हुड’ हाही एके काळी ‘हाड’ असा पूर्ण शब्द होता. व्यक्ती, तिची अवस्था, तिचा दर्जा हे सारे त्यात येत असे. तो शब्द स्वतंत्रपणे केव्हाच मेला, प्रत्यय म्हणून मात्र अजून जगतो आहे. ‘बिशप्रिक’ या शब्दाच्या शेवटी असलेला ‘रिक’ म्हणजे राज्य. जर्मन ‘राइश’, लॅटिन ‘रेक्स’ आणि संस्कृत ‘राजन्’ ही त्याची नातेवाईक मंडळी.

यांतली सर्वांत चकित करणारी कथा ‘ली’ची आहे. ‘फ्रेंडली’ या शब्दातला ‘ली’ जुन्या इंग्रजीतल्या ‘लीक’ या शब्दाचा वंशज आहे, आणि ‘लीक’ म्हणजे शरीर. फ्रेंडली म्हणजे मित्राचे शरीर, मित्राचे रूप असलेला. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या आवाराला छप्पर असलेला एक दरवाजा असतो. दफनापूर्वी शव तिथे थोडा वेळ टेकवत. त्या दरवाजाला आजही ‘लिचगेट’ म्हणतात. म्हणजे रोजच्या बोलण्यात हजारो क्रियाविशेषणांच्या शेवटी येणारा ‘ली’ आणि स्मशानाच्या दारावरचा ‘लिच’ हे एकाच शब्दाचे दोन अवशेष आहेत.

‘वेडलॉक’ या शब्दात आजच्या कानाला कुलूप ऐकू येते. लग्न म्हणजे कुलूप, अशी त्याची फोड लोक सर्रास करतात. खरी फोड वेगळी आहे. ‘वेड’ म्हणजे वचन आणि ‘लाक’ हा कृती दाखवणारा प्रत्यय. वचन देण्याची क्रिया ती वेडलॉक. जुन्या इंग्रजीत ‘लाक’ लागलेले शब्द डझनभर तरी होते. त्यांतला हा एकच वाचला. भावंडे मेली, प्रत्यय ओळखणारे कोणी उरले नाही, तेव्हा लोकांनी त्याच्या जागी ओळखीचे कुलूप बसवले.

एका प्रत्ययाने नोंदवलेला इतिहास

प्रत्ययातून समाजही दिसतो. ‘स्टर’ हा प्रत्यय पाहा. जुन्या इंग्रजीत तो प्रामुख्याने काम करणाऱ्या स्त्रीला लागे. सूत कातणारी ती ‘स्पिनस्टर’, विणणारी ती ‘वेबस्टर’, भाजणारी ती ‘बॅक्स्टर’, मद्य गाळणारी ती ‘ब्रूस्टर’. मध्ययुगात ही कामे पुरुषांकडेही गेली, प्रत्ययाचा स्त्रीवाचक अर्थ पुसट झाला आणि ही नावे घराण्यांची आडनावे बनली. १८२८ साली अमेरिकन इंग्रजीचा मोठा कोश प्रसिद्ध करणाऱ्या नोआ वेबस्टर यांच्या आडनावात अशीच एक विणकरीण दडलेली आहे.

‘स्पिनस्टर’चे पुढे काय झाले ते मन लावून पाहण्यासारखे आहे. सूत कातणे हे अविवाहित स्त्रियांचे नेहमीचे काम, म्हणून सतराव्या शतकापासून कायद्याच्या कागदपत्रांत अविवाहित स्त्रीच्या नावापुढे हा शब्द लिहू लागले. पुढे त्याला लग्न न झालेली प्रौढ बाई असा हिणवणारा वास आला. स्वतःच्या श्रमावर जगणाऱ्या स्त्रीचे मानाचे नाव समाजाने तिच्या उणिवेचे नाव करून टाकले. कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकाइतकी ही नोंद बोलकी आहे. आणि तोच ‘स्टर’ आज ‘गँगस्टर’च्या शेवटी बसला आहे. तिथे स्त्रीत्वाचा मागमूसही नाही.

चुकीचा पदच्छेद

आता प्रत्ययांच्या दुसऱ्या जन्ममार्गाकडे येतो. हा मार्ग चुकीच्या पदच्छेदाचा आहे. बोलताना आपण शब्दांमध्ये जागा सोडत नाही. ऐकणारा ती आपल्या अंदाजाने सोडतो, आणि अंदाज चुकला की नवा शब्द जन्मतो.

इंग्रजीत ‘एक’ या अर्थाचे उपपद म्हणून स्वराआधी ‘अॅन’ आणि व्यंजनाआधी ‘अ’ येतो. त्यामुळे मधला ‘न’ नक्की कोणाचा, याविषयी तिथे नेहमी गोंधळ झाला. फ्रेंचमधून आलेला ‘नॅपरन’ ऐकता ऐकता ‘एप्रन’ झाला. ‘नॅडर’ या सापाचा ‘अॅडर’ झाला. उलट ‘एकनेम’, म्हणजे जोडनाव, याला शेजारचा ‘न’ चिकटून ‘निकनेम’ तयार झाले. आपल्या क्रिकेटवेड्या समाजाला रोज लागणारा ‘अंपायर’ मूळचा ‘नूंपेर’. जुन्या फ्रेंचमध्ये ‘नोंपेर’ म्हणजे जोडीत न बसणारा. दोघांच्या भांडणात जो कोणाचाच जोडीदार नाही, असा तिसरा. शब्दाचा पहिला वर्ण गळाला, तरी ही अपेक्षा आपण प्रत्येक अंपायरकडून अजून करतो.

असाच पदच्छेद शब्दाच्या शेवटी झाला की प्रत्यय जन्मतो. जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरावरून ‘हॅम्बर्गर’ हा शब्द आला. हॅम्बर्गचा तो हॅम्बर्गर, जसा सोलापूरचा तो सोलापुरी. पण इंग्रजीत ‘हॅम’ म्हणजे डुकराचे मांस. त्यामुळे ऐकणाऱ्याने ‘हॅम’ आणि ‘बर्गर’ असे दोन तुकडे केले. एकदा ‘बर्गर’ सुटा झाल्यावर चीजबर्गर, फिशबर्गर अशी रांग लागली, आणि आज आपल्याकडे शुद्ध शाकाहारी बर्गर मिळतो. एका शहराच्या नावाचा उत्तरार्ध खाद्यपदार्थाचे नाव झाला.

‘हेलिकॉप्टर’ हा शब्द १८६१ च्या सुमारास गुस्ताव्ह पोंतों द’आमेकूर या फ्रेंच गृहस्थांनी घडवला. त्यात दोन ग्रीक शब्द आहेत. ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्री आणि ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. हा ‘प्टेरॉन’ आपल्या ‘पतति’मधल्या पत् धातूचा सख्खा नातेवाईक. पण ‘प्ट’ने सुरू होणारा शब्द इंग्रजी जिभेला रुचत नाही. लोकांनी ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ असे तुकडे केले. मग ‘हेलिपोर्ट’, ‘हेलिपॅड’ आले, आणि दुसरा तुकडा घेऊन चार पंख्यांचे ‘क्वाडकॉप्टर’ही उडू लागले. पंख मधोमध चिरला गेला, पण शब्द उडत राहिला.

‘वर्कोहोलिक’ची हकिगत आणखी लांबून येते. अरबीत ‘अल्-कुहल’ म्हणजे डोळ्यात घालण्याची बारीक पूड, आपल्याकडचा सुरमा. किमयागारांनी हा शब्द कोणत्याही सूक्ष्म पुडीला, मग अर्काला वापरला. युरोपात तो दारूच्या अर्काला चिकटून ‘अल्कोहोल’ झाला. अमेरिकेतील वेन ओट्स यांनी १९७१ मध्ये कामाच्या व्यसनावर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच ‘वर्कोहोलिक’ होता आणि शब्द सर्वत्र पसरला. ‘अल्’ हे अरबी उपपद आणि ‘कुहल’ हे नाम, यांच्यातली सीमा ओलांडून भलत्याच जागी कात्री चालली. पण ‘होलिक’ म्हणजे एखाद्या गोष्टीचे व्यसन जडलेला, हे आज कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

बातमीतून आलेले प्रत्यय

काही प्रत्यय थेट वर्तमानपत्रांतून जन्मले. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. रशियनमध्ये ‘स’ म्हणजे सह, ‘पुत्’ म्हणजे वाट, आपल्या ‘पथ’चे भावंड, आणि ‘निक’ हा कर्ता दाखवणारा प्रत्यय. सहप्रवासी, असा साधा सुंदर अर्थ. महिन्याभरात दुसऱ्या स्पुटनिकमधून लायका ही कुत्री अवकाशात गेली आणि अमेरिकन पत्रांनी तिला ‘मटनिक’ म्हटले, कारण ‘मट’ म्हणजे गावठी कुत्रे. डिसेंबरात अमेरिकेचा स्वतःचा उपग्रह नेणारे रॉकेट प्रक्षेपणतळावरच जळाले, तेव्हा त्याच पत्रांनी त्या प्रयत्नाला ‘फ्लॉपनिक’ म्हटले. एप्रिल १९५८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे स्तंभलेखक हर्ब केन यांनी रूढी झुगारणाऱ्या ‘बीट’ तरुणांसाठी ‘बीटनिक’ हा शब्द केला. यिद्दिश बोलणाऱ्या ज्यू स्थलांतरितांमुळे ‘निक’ अमेरिकेत आधी ऐकिवात होता. स्पुटनिकने त्याला घरोघर नेले.

दुसरा बातमीतला प्रत्यय आपल्याही वर्तमानपत्रांत रोज भेटतो. १७ जून १९७२ रोजी वॉशिंग्टनमधील वॉटरगेट या इमारत-संकुलात, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात, घरफोडी झाली. तपासाचे धागे राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोचले आणि ऑगस्ट १९७४ मध्ये रिचर्ड निक्सन यांनी राजीनामा दिला. ‘गेट’ हा त्या इमारतीच्या नावाचा निव्वळ एक तुकडा. भ्रष्टाचाराशी त्याचा कसलाही संबंध नव्हता. तरी लवकरच तो कोणत्याही लफड्याच्या नावाला लागू लागला. २०१२ मध्ये आपल्याकडे कोळसा खाणींच्या वाटपावरून वादळ उठले, तेव्हा पत्रकारांनी त्याला ‘कोलगेट’ म्हटले आणि वाचकांना ते तत्काळ कळले.

ठरवून घडवलेला शब्द

कोणी विद्वानाने विचारपूर्वक शब्द घडवला, तर त्याचे काय होते? १८३३ मध्ये केंब्रिजला ब्रिटिश असोसिएशनची सभा भरली होती. निसर्गाचा अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःला ‘फिलॉसॉफर’ म्हणवून घेऊ नये, असा आक्षेप कवी कोलरिज यांनी घेतला. मग म्हणावे काय? विल्यम ह्यूएल यांनी ‘आर्टिस्ट’च्या धर्तीवर ‘सायंटिस्ट’ सुचवला. १८३४ मध्ये मेरी सॉमरव्हिल यांच्या ग्रंथाचे परीक्षण करताना त्यांनी तो छापलाही. याच ह्यूएल यांनी त्याच वर्षी मायकेल फॅरडे यांना ‘अॅनोड’ आणि ‘कॅथोड’ हे शब्द दिले, आणि ते विज्ञानाने चटकन उचलले.

‘सायंटिस्ट’ला मात्र साठ वर्षे झगडावे लागले. लॅटिन धड आणि ग्रीक शेपूट, असा त्याच्यावर आरोप होता. १८९४ मध्येही टी. एच. हक्स्ली यांच्यासारख्या वैज्ञानिकाने, इंग्रजीची चाड असलेल्याला हा शब्द कसा रुचेल, असा सूर लावला होता. अखेरीस निकाल विद्वानांनी दिला नाही. समाजाला त्या शब्दाची गरज होती आणि गरजेने त्याला रुळवले. आपल्याकडे एखादा नवा मराठी पर्याय सुचवला की दुसऱ्याच दिवशी त्याला कृत्रिम ठरवून मोकळे होणाऱ्यांनी ही साठ वर्षे ध्यानात ठेवावीत.

आपल्या बाजूने गेलेले

या व्यवहारात आपण केवळ घेणारे नव्हतो. इंग्रजीतला ‘मंगूस’ हा आपला मराठी मुंगूस. सतराव्या शतकात तो इंग्रजीत गेला. ‘गूस’ म्हणजे हंसजातीचा पक्षी आणि त्याचे अनेकवचन ‘गीस’. त्यामुळे अनेक मुंगसांना ‘मंगीस’ म्हणावे की काय, या शंकेत इंग्रजी बोलणारे आजही पडतात. उत्तर ‘मंगूसेस’ असे आहे, आणि त्याचे कारण मराठीत आहे. ‘बोंबील’ही ‘बमलो’ होऊन इंग्रजी कोशात बसला.

‘जिमखाना’ हा शब्द तर मुंबई इलाख्यातच घडला. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात तो नोंदला आहे. मूळ ‘गेंदखाना’, म्हणजे चेंडू खेळण्याची जागा, असावा आणि त्याच्या पूर्वार्धावर ‘जिम्नॅस्टिक्स’ची छाया पडली. अर्धा इंग्रजी, अर्धा फार्सी असा हा शब्द आता दोन्हीकडे घरचा झाला आहे. आपला ‘वाला’ इंग्रजीत प्रत्यय म्हणून रुजला. १८५५ पासून खुल्या परीक्षेने निवडून आलेल्या सनदी अधिकाऱ्यांना जुने गोरे अधिकारी ‘काँपिटिशन-वाला’ म्हणत, आणि १८६४ मध्ये जॉर्ज ट्रेव्हेलियन यांनी त्याच नावाचे पुस्तक लिहिले.

गोष्ट आणि पुरावा

इथवर मी ज्या कथा सांगितल्या, त्या ऐकायला गमतीच्या आहेत. म्हणूनच आता सरांचा तिसरा प्रश्न विचारायला हवा. कशावरून?

‘पॉश’ या शब्दाची एक कथा आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. विलायतेहून मुंबईला येताना बोटीची डावी बाजू सावलीची आणि परत जाताना उजवी. श्रीमंत प्रवासी जाता-येता सावलीची खोली घेत आणि त्यांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (येताना डावी, परतताना उजवी) या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा शिक्का बसे, तोच ‘पॉश’. कथा नेटकी आहे, मुंबईकराला सुखावणारी आहे. पण या बोटी चालवणाऱ्या पी अँड ओ कंपनीचे असा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही. शब्द वापरात आल्यावर बऱ्याच वर्षांनी ही कथा छापील रूपात दिसते. ती टाकून द्यावी लागते.

दुसरे उदाहरण ‘ऑरेंज’चे. संस्कृत ‘नारंग’ फार्सी-अरबीमार्गे स्पॅनिशमध्ये ‘नारांखा’ झाला, तिथे ‘न’ शाबूत आहे. मग एप्रनप्रमाणे इंग्रजीतच तो गळाला, असे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. तर्क चोख आहे, आणि तरीही चूक. जुन्या फ्रेंचमध्येच हा शब्द ‘न’शिवाय लिहिलेला सापडतो. इंग्रजीला तो मिळाला तोच ‘न’ गमावून. तर्क आणि घटना यांतला फरक फक्त जुना लेखी दाखला दाखवू शकतो.

असे दाखले गोळा करण्याचा सर्वांत मोठा उद्योग ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने केला. १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड शेनेव्हिक्स ट्रेंच यांनी तत्कालीन कोशांच्या उणिवा मांडल्या. कोशकार हा इतिहासकार आहे, अशी त्यांची भूमिका होती. १८७९ मध्ये संपादकपद जेम्स मरी यांच्याकडे आले. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला हा स्कॉटिश शिक्षक. त्यांनी इंग्रजी वाचणाऱ्या सगळ्या जगाला आवाहन केले. पुस्तके वाचा, शब्द टिपा, ज्या वाक्यात तो आला ते वाक्य, ग्रंथ, पान आणि साल एका चिठ्ठीवर लिहून पाठवा. लाखो चिठ्ठ्या आल्या. लोखंडी पत्र्याच्या एका खोलीत त्या लावल्या जात. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, काम पुरे झाले १९२८ मध्ये. तोवर ४,१४,८२५ शब्दांच्या नोंदी आणि अठरा लाखांवर अवतरणे छापली गेली होती. मरी १९१५ मध्येच गेले. पूर्ण ग्रंथ त्यांनी पाहिला नाही.

त्यांना सर्वाधिक मदत करणाऱ्यांत फिट्झएडवर्ड हॉल हे अमेरिकन गृहस्थ होते. बनारसला संस्कृत शिकवलेले, संस्कृत ग्रंथ संपादित केलेले विद्वान. उतारवयात इंग्लंडमधल्या एका खेड्यात बसून ते वर्षानुवर्षे मरींना दाखले पुरवत राहिले. काशीच्या पंडितांच्या सहवासात मुरलेली नजर इंग्रजीच्या कामी आली, याचा मला अभिमान वाटतो.

आपले काम

ट्रेंच यांनी इंग्रजी कोशांच्या उणिवा मांडल्या, त्याच १८५७ साली मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. पुढे दाते आणि कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोश उभा केला, १९४६ मध्ये कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश आला, तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांनी प्राचीन मराठीचा कोश केला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ऐतिहासिक तत्त्वांवर संस्कृतचा महाकोश सिद्ध होत आहे. वारसा तोकडा नाही.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. भाषा घडवण्याचा हक्क बोलणाऱ्यांचा आहे आणि तो ते चुकतमाकत, पण पूर्ण अधिकाराने वापरतात. हॅम्बर्गर चुकीच्या जागी तोडणारा माणूस आणि ‘सायंटिस्ट’ घडवणारा ह्यूएल, दोघांनाही भाषेने सारखाच न्याय दिला. ‘हा शब्द अशुद्ध आहे’ म्हणून कोणाला हिणवण्यापूर्वी एप्रन आणि अंपायर आठवावेत. मात्र भाषेचा इतिहास सांगण्याचा हक्क पुराव्याने मिळवावा लागतो. तिथे ऐकीव गोष्टीला, आवडीला आणि भाषाभिमानाला जागा नाही. जगातला प्रत्येक शब्द मराठीतून किंवा संस्कृतातून निघाला असे छातीठोकपणे सांगणारे मजकूर रोज फिरत असतात. मराठीवर प्रेम करणाऱ्यानेच ते आधी तपासले पाहिजेत.

म्हणून इथे बसलेल्या प्रत्येकाला, विशेषतः शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. मराठीत आज नवे शब्द आणि नवे प्रत्यय आपल्या डोळ्यांदेखत जन्मत आहेत. एक वही करा. नवा शब्द भेटला की तो, तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य, कुठे छापले होते आणि कोणत्या तारखेला, एवढे लिहून ठेवा. आजीच्या तोंडचा, कोशात न सापडणारा शब्द ऐकलात तर गावाच्या नावासह तोही लिहा. उद्याच्या मराठी कोशकाराला ‘कशावरून?’ या प्रश्नाचे उत्तर तुमच्या वहीतून मिळू द्या.